रस्ता आणि ट्रॅक, दोन्हीकडे चालणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी शॉक ॲब्सॉर्बर कसे निवडतात?

सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जायचे आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी तीच गाडी रेसट्रॅकवर नेऊन मनसोक्त पळवायची, हा छंद युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये बराच रुजलेला आहे. त्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. पैसे भरून कोणीही हौशी चालक आपली नोंदणीकृत गाडी घेऊन ट्रॅकवर उतरू शकतो. अशा गाडीत मालक सहसा आधी टायर आणि ब्रेक पॅड बदलतो. त्यानंतर नजर जाते ती शॉक ॲब्सॉर्बरकडे, आणि सगळ्यात जास्त पैसा चुकीच्या ठिकाणी जातो तोही इथेच. टायर चांगला की वाईट हे पहिल्या वळणावर कळते. शॉक ॲब्सॉर्बर चुकला तर मात्र गाडी नुसती ‘कडक’ लागते, आणि कडक म्हणजे वेगवान असा बहुतेकांचा समज असतो. ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्यावर एखादा उंचवटा आला की तो समज महागात पडतो.

नावातच गोंधळ

शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेतला ‘शॉकअप’, हा खरे तर धक्का शोषत नाही. खड्ड्याचा किंवा उंचवट्याचा धक्का स्प्रिंग झेलते. पण दाबलेली स्प्रिंग उलटी उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हे हिंदकळणे थांबवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. म्हणून अभियंते त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात (खडी वाहणाऱ्या डंपरशी त्याचा काही संबंध नाही). भौतिकशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकात याच क्रियेला ‘अवमंदन’ असा शब्द आहे.

आतली रचना साधी असते. तेलाने भरलेली नळी, त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. दट्ट्या सरकला की तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते आणि विरोध निर्माण होतो. चाकाच्या हालचालीतली ऊर्जा उष्णतेत बदलते आणि नळीच्या भिंतीतून हवेत जाते. चाक वर येते तेव्हाचा विरोध म्हणजे ‘कॉम्प्रेशन’ किंवा ‘बंप’, आणि चाक खाली जाते तेव्हाचा ‘रिबाउंड’. साधारणपणे रिबाउंडचा विरोध जास्त ठेवतात, कारण दाबलेल्या स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा त्याच वेळी आवरायची असते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचे अनेक गैरसमज टळतात. स्प्रिंगचा जोर ती *किती दबली* यावर ठरतो, तर शॉकचा जोर तो *किती वेगाने हलतो आहे* यावर. लांबलचक वळणात गाडी एका बाजूला कलून स्थिर झाली की शॉक जवळपास निष्क्रिय असतो. 1000 किलोची गाडी, चालकासह 1080 किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून 46 सेंटीमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर 141 सेंटीमीटर धरले, तर 1 जी इतक्या पार्श्व बलाच्या वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे 350 किलो भार सरकतो. जगातला सर्वांत महाग शॉक बसवला तरी हा आकडा तेवढाच राहतो. शॉक ठरवतो ते हा भार *किती झटकन आणि कोणत्या चाकावर आधी* सरकणार ते. म्हणजे वळणात शिरतानाचा आणि वळणातून बाहेर पडतानाचा क्षण त्याच्या हातात असतो, मधला स्थिर भाग नाही. गाडी वळणाच्या मध्यावर सतत बाहेर सरकत असेल, तर त्याचा इलाज स्प्रिंग, अँटी-रोल बार, टायरमधली हवा आणि चाकांचे कोन यांत शोधावा लागतो.

उदाहरणासाठी एक गाडी : माझदा एमएक्स-5

फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये सादर झालेली माझदा एमएक्स-5, म्हणजे अमेरिकेतली ‘मियाटा’, ही या छंदाची जणू पाठ्यपुस्तकी गाडी आहे. दोन आसने, उघडे छत, मागच्या चाकांना ताकद, आणि पहिल्या पिढीत वजन साधारण एक टन. ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हे तिच्या रचनेमागचे जपानी सूत्र. 2016 मध्ये तिचे उत्पादन दहा लाखांवर पोहोचले. पुढे आणि मागे दोन्हीकडे डबल विशबोन सस्पेन्शन असल्यामुळे शॉक बदलणे तुलनेने सोपे, शिवाय हलक्या वजनामुळे प्रत्येक बदलाचा परिणाम चालकाला ताबडतोब जाणवतो. त्यामुळे शॉकबद्दलचा बराचसा व्यवहारज्ञानाचा साठा याच गाडीभोवती जमला आहे.

कंपनीनेही वेळोवेळी चांगले शॉक दिले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या ‘आर पॅकेज’ गाड्यांना जर्मनीच्या बिल्स्टीनचे शॉक होते. पण जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला बहुधा वीस-तीस वर्षे चाललेले, आतून थकलेले मूळ शॉक येतात. अशा गाडीत *कोणताही* नवा शॉक चमत्कार वाटतो. नव्या महागड्या शॉकची तुलना जुन्या मेलेल्या शॉकशी करून दिलेले अभिप्राय म्हणूनच फारसे उपयोगाचे नसतात.

आधी स्प्रिंग, मग शॉक

निवडीची सुरुवात शॉकपासून करणे ही पहिली चूक. शॉक स्प्रिंगला आवरतो, म्हणून आधी स्प्रिंग ठरली पाहिजे.

विशबोन सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग चाकापाशी नसते, आत कुठेतरी असते. चाक 10 मिलिमीटर वर आले तर स्प्रिंग समजा 7 मिलिमीटर दबते. हे 0.7 चे गुणोत्तर वर्गाने लागू होते (0.49), म्हणून चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या जवळपास निम्माच असतो. स्प्रिंगवर छापलेला आकडा पाहून दोन वेगळ्या गाड्यांची तुलना करणे त्यामुळेच फोल ठरते. तुलना करायची तर गाडी त्या स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा हिंदकळते, म्हणजे तिची वारंवारता किती, ती पाहावी. साध्या कौटुंबिक गाड्या 1 ते 1.5 हर्ट्झ, स्पोर्ट्स कार 1.5 ते 2, आणि ट्रॅकसाठी सज्ज केलेल्या गाड्या 2 ते 2.5 किंवा थोड्या वर असतात. पंखांच्या जोरावर जमिनीला चिकटणाऱ्या रेसकार याच्याही बऱ्याच पुढे जातात.

एका चाकावर स्प्रिंगच्या वरचे वजन 230 किलो धरू. चाकापाशी कडकपणा मिलिमीटरला 15 न्यूटन असेल तर वारंवारता येते सुमारे 1.3 हर्ट्झ. रस्त्यावर आरामशीर, ट्रॅकवर थोडी डुलणारी. तोच कडकपणा 35 न्यूटन केला की वारंवारता जाते जवळपास 2 हर्ट्झवर.

आता शॉकचा हिशेब. हिंदकळणे एकाही उसळीशिवाय थांबवायला लागणाऱ्या विरोधाला ‘क्रांतिक अवमंदन’ म्हणतात आणि शॉकची ताकद त्याच्या टक्केवारीत मोजतात. आरामदायी गाडीत ती 20 ते 30 टक्के, स्पोर्ट्स कारमध्ये 30 ते 50, आणि ट्रॅकवर, शरीराच्या संथ हालचालींपुरती, 65-70 टक्क्यांपर्यंत जाते. लागणारा विरोध कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतो. वरच्या उदाहरणात स्प्रिंग 2.33 पट कडक झाली, म्हणून तेवढीच टक्केवारी राखायला शॉक सुमारे 1.5 पट ताकदीचा लागेल. जुनाच शॉक ठेवला तर 30 टक्क्यांची गाडी 20 टक्क्यांवर घसरते. फक्त ‘लोअरिंग स्प्रिंग’ घालून मूळ शॉक तसाच ठेवलेली गाडी दिसायला रुबाबदार असते, पण महामार्गावरच्या पुलाच्या जोडावर ती दोन-तीनदा उड्या घेते, त्याचे कारण हेच.

उलट टोक म्हणजे अमेरिकेतली ‘स्पेक मियाटा’ शर्यत. सगळ्या गाड्या सारख्या ठेवण्यासाठी तिथे स्प्रिंग नियमाने ठरलेल्या आहेत : पुढे इंचाला 700 पौंड आणि मागे 325 पौंड, म्हणजे मिलिमीटरला सुमारे 12.5 आणि 5.8 किलो. त्यांच्या जोडीला बराच काळ ठरावीक बिल्स्टीन शॉकच वापरले गेले. वरच्याच पद्धतीने मोजले तर पुढची वारंवारता 2.5 हर्ट्झच्या वर जाते. शर्यतीसाठी हे उत्तम, पण हीच जोडी रोजच्या गाडीत घातली तर कंबर आणि डॅशबोर्ड दोन्ही खिळखिळे होतील. रस्ता-ट्रॅक गाडीसाठी 1.7 ते 2.1 हर्ट्झ हा टप्पा बहुतेकांना पुरतो.

संथ हालचाल आणि वेगवान हालचाल

‘हाय स्पीड’ आणि ‘लो स्पीड’ हे शब्द जाहिरातीत सर्रास दिसतात. त्यांचा गाडीच्या वेगाशी संबंध नाही. तो शॉकच्या दट्ट्याचा वेग आहे. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणे, वळणात कलणे या हालचालींत दट्ट्या सेकंदाला साधारण 50 मिलिमीटर, फार तर 100 पर्यंत वेगाने सरकतो. खड्डा, रस्त्याचा जोड किंवा ट्रॅकच्या कडेचा रंगवलेला उंच कठडा लागला की हाच वेग 150-200 च्या पुढे, कधी कितीतरी जास्त जातो.

रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींत चालणाऱ्या शॉकचे सगळे कौशल्य या फरकात आहे. संथ हालचालीला भरपूर विरोध, म्हणजे स्टिअरिंग फिरवताच गाडी तत्परतेने वळते. वेगवान हालचालीला मात्र झडप उघडून वाट मोकळी, म्हणजे खड्ड्यावर चाक अडखळत नाही. वेग आणि विरोध यांचा आलेख काढला तर तो सुरुवातीला उभा चढतो आणि मग आडवा पडत जातो. स्वस्त शॉकमध्ये हा आलेख अनेकदा सरळ रेषेत वाढतच राहतो. मग संथ हालचालीत पुरेसा विरोध मिळवावा तर खड्ड्यावर चाक दगडासारखे आदळते, आणि खड्ड्यासाठी मऊ करावा तर वळणात गाडी डुलते.

चांगले विक्रेते हा आलेख देतात. ज्या कंपनीकडे तो मागूनही मिळत नाही, तिच्या शॉकवर पैसे खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

बॉनेटवर हाताने दाब देऊन ‘एक उसळी आली म्हणजे शॉक चांगला’ ही गॅरेजमधली परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉक ओळखायला बरी. चाचणी यंत्रावर 50 मिलिमीटरच्या स्ट्रोकने मिनिटाला 100 फेऱ्या दिल्या तर दट्ट्याचा कमाल वेग सेकंदाला 260 मिलिमीटरच्या आसपास जातो. हाताने त्याच्या जवळपासही पोहोचता येत नाही.

दोन नळ्या की एक?

ट्विन-ट्यूब शॉकमध्ये एका नळीत दुसरी नळी असते. आतल्या नळीत दट्ट्या, बाहेरच्या पोकळीत जादा तेल आणि थोडा वायू. स्वस्त, टिकाऊ, बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी काम चालू राहते. दोष असा की सतत जोरात वापरल्यावर तेल आणि वायू मिसळून फेस होऊ शकतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही. मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते. तळाशी एक तरंगता दट्ट्या तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन वेगळे ठेवतो. फेस होत नाही, दट्ट्या मोठा बसतो आणि उष्णता थेट बाहेर जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ ख्रिस्तियाँ बूर्सिये द कार्बाँ यांच्या या कल्पनेवर बिल्स्टीनने काम केले आणि 1957 मध्ये ती मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत आली.

मोनोट्यूबच्या वायूदाबाचा एक छोटा परिणाम असतो. 20 बार दाब आणि 14 मिलिमीटर जाडीचा दांडा असेल तर वायू दांड्याला सुमारे 300 न्यूटन जोराने, म्हणजे 30 किलोने, सतत बाहेर ढकलत राहतो. नवे शॉक बसवल्यावर गाडी किंचित उंच झाली तर घाबरण्याचे कारण नाही.

मोनोट्यूबच श्रेष्ठ, असे मात्र नाही. ओहलिन्स, कोनी, बिल्स्टीन यांचे रस्ता-ट्रॅक प्रकारचे शॉक रचनेने एकमेकांपासून वेगळे आहेत आणि तिन्हींचे समाधानी मालक भरपूर आहेत. कोनीचा पिवळा ‘स्पोर्ट’ अनेक गाड्यांसाठी ट्विन-ट्यूबच असतो. (नेदरलँड्समधली ही कंपनी 1857 मध्ये घोड्यांचे साज बनवण्यापासून सुरू झाली.) तेल तापून शॉक ढेपाळण्याची भीतीही एक टनाच्या गाडीत, गुळगुळीत ट्रॅकवर, वीस मिनिटांच्या सत्रात अतिशयोक्त आहे. ती खरी ठरते रॅलीच्या खडबडीत वाटांवर आणि जड गाड्यांत. नळ्यांच्या संख्येपेक्षा झडपांची जुळणी त्या गाडीसाठी आणि त्या स्प्रिंगसाठी केली आहे का, हे जास्त महत्त्वाचे.

खटक्यांचा मोह

‘32 टप्प्यांचे ॲडजस्टमेंट’ हे शब्द विक्रीसाठी फार उपयोगी असतात. चाचणी यंत्रावर मात्र स्वस्त संचांत अनेकदा असे दिसते की पहिल्या दहा खटक्यांत काहीच बदलत नाही, शेवटच्या चारांत सगळे बदलते, आणि डाव्या-उजव्या शॉकचा एकाच खटक्यावरचा विरोध वेगवेगळा असतो. चारही चाकांवर सारखे वागणारा, ॲडजस्टमेंट नसलेला शॉक यापेक्षा शतपटीने बरा.

बिल्स्टीनच्या बी6 आणि बी8 मालिकांत साधारणपणे फिरवायला काहीच नसते. कोनी स्पोर्टमध्ये फक्त रिबाउंड बदलता येतो. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट 1 मध्ये फक्त उंची, 2 मध्ये त्यासोबत रिबाउंड, आणि 3 मध्ये रिबाउंड व कॉम्प्रेशन दोन्ही वेगवेगळे बदलता येतात. ओहलिन्सच्या ‘रोड अँड ट्रॅक’ संचात एकाच खुंटीने दोन्ही एकत्र बदलतात, आणि आतली ‘ड्युअल फ्लो व्हॉल्व्ह’ झडप दोन्ही दिशांना तेलाला वेगवान धक्क्यासाठी वाट करून देते.

एक खुंटी हौशी चालकाला बहुधा पुरते. सोमवारी रस्त्यावर जाताना मऊ, रविवारी ट्रॅकवर थोडा कडक, इतकाच त्याचा उपयोग असतो. दोन खुंट्या असलेल्या शॉकमध्ये चार चाकांचे मिळून आठ आकडे होतात आणि नोंद न ठेवणारा माणूस त्यात हमखास हरवतो. तीन-चार खुंट्यांचे शॉक ज्याच्याजवळ प्रत्येक फेरीच्या नोंदी आणि मदतीला जाणकार माणूस आहे, त्यानेच घ्यावेत.

खरी अडचण : उरलेली जागा

रस्ता-ट्रॅक गाड्यांचा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न शॉकच्या आत नसतो. गाडी खाली बसवल्यावर चाकाला वर यायला किती जागा उरली, हा तो प्रश्न आहे.

समजा मूळ गाडीत चाक 70 मिलिमीटर वर येऊ शकते. मालकाने गाडी 30 मिलिमीटर खाली आणली. उरले 40. शॉकच्या दांड्यावर फेसाळ पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप असतो, तो शेवटच्या टप्प्यात टेकायला लागतो. म्हणजे मोकळी हालचाल पंधरा-वीस मिलिमीटरचीच उरते. वळणात गाडी कलली की बाहेरचे पुढचे चाक थेट बंप स्टॉपवर बसते. त्या क्षणी तिथला कडकपणा अचानक कित्येक पट होतो, टायरवरचा भार उसळतो आणि पुढचा भाग बाहेर सरकतो. हेच मागे घडले तर गाडी एका झटक्यात फिरते. चालकाला वाटते, शॉक फार कडक आहे. तो खुंटी फिरवून शॉक मऊ करतो. आता चाक आणखी लवकर, आणखी जोरात स्टॉपवर आदळते. मग वैतागून तो दुसऱ्या कंपनीचा संच विकत घेतो आणि गाडी पुन्हा तेवढीच खाली बसवतो.

पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये ही जागा मुळातच कमी आहे. म्हणूनच तिच्या मालकांत एक जुगाड लोकप्रिय झाले : दुसऱ्या पिढीच्या गाडीचे शॉकचे वरचे माउंट बसवायचे, ज्यामुळे दांड्याला जास्त जागा मिळते, आणि त्यासोबत छोटे, चांगल्या दर्जाचे बंप स्टॉप. खर्च शॉकच्या तुलनेत किरकोळ, फरक मात्र मोठा. गाडी खाली बसवायचीच असेल तर नळीच आखूड असलेला शॉक घ्यावा. बिल्स्टीनच्या बी6 आणि बी8 मध्ये मुख्य फरक हाच : बी6 मूळ उंचीसाठी, बी8 खाली बसवलेल्या गाडीसाठी. चांगल्या कॉइलओव्हर संचात नळीची लांबी आणि स्प्रिंगचा पाट वेगवेगळे फिरवता येतात. त्यामुळे उंची बदलली तरी हालचालीची जागा राखता येते.

किती जागा वापरली गेली हे पाहण्याचा उपाय फुकट आहे. दांड्यावर प्लॅस्टिकची बारीक केबल टाय घट्ट बांधावी. ट्रॅकवरून आल्यावर ती जिथे सरकून थांबली असेल, तिथपर्यंत शॉक दबला होता.

कोणासाठी कोणता?

‘ट्रॅक’ हा शब्द एकच असला तरी जमीन एक नसते. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा 20.8 किलोमीटरचा जुना मार्ग डोंगरातून वरखाली जातो आणि जागोजागी उंचवटे आहेत. अमेरिकेतल्या सेब्रिंगचा काही भाग जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटच्या लाद्यांवरून जातो. अशा ठिकाणी चाकाला मोकळीक देणारा, मऊ वाटणारा शॉकच वेगवान ठरतो. ग्रेटर नोएडाच्या 5.125 किलोमीटरच्या बुद्ध सर्किटसारख्या रुंद, गुळगुळीत ट्रॅकवर जास्त कडक मांडणी खपते.

वर्षातून दोन-तीनदाच ट्रॅकवर जाणाऱ्याने मूळ उंचीच्या आसपास राहून, थोड्या कडक स्प्रिंग आणि बी6 किंवा कोनी स्पोर्टच्या दर्जाचा शॉक घ्यावा. उरलेले पैसे टायर आणि प्रशिक्षकाच्या मानधनावर खर्च केले तर फेरीचा वेळ जास्त घटतो. महिन्याला ट्रॅकवर जाणाऱ्याला ओहलिन्स किंवा केडब्ल्यूसारखा, सुटे भाग आणि पुनर्बांधणीची सोय असलेला कॉइलओव्हर संच परवडतो. गाडी ट्रेलरवरून नेण्याची वेळ आली असेल, तर ती रस्त्याची गाडी राहिलेलीच नाही आणि निवडीचे निकषही वेगळे होतात. अगदी स्वस्त कॉइलओव्हर मात्र तिघांनीही टाळावेत. त्यापेक्षा कंपनीचा नवा मूळ शॉक बरा.

मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांत, म्हणजे भारतात लोकप्रिय असलेल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानच्या पुढच्या भागात, शॉक हाच चाकाला उभे धरणारा खांब असतो. त्याच्यावर आडवा भार येतो. तिथे दांड्याची जाडी आणि बांधणीचा दर्जा यांत काटकसर करू नये.

बसवताना आणि जुळवताना

चांगला शॉक वाईट बसवला तर पैसे पाण्यात. विशबोनच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते, स्वतःच स्प्रिंगसारखे वागते आणि लवकर फाटते. शेवटचे आवळणे चाके जमिनीवर, गाडी नेहमीच्या उंचीवर असतानाच करायचे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. कॉइलओव्हर असल्यास चालकाच्या वजनासह चारही चाकांखाली काटे ठेवून भाराची तपासणी.

जुळवणी नेहमी मऊ टोकापासून सुरू करतात. रिबाउंड थोडा थोडा वाढवत जायचे, प्रत्येक वेळी एकच बदल, आणि त्याची नोंद. गाडीचे डुलणे थांबले आणि तरीही उंचवट्यावर टायर जमीन सोडत नाही, तिथे थांबायचे. रिबाउंड गरजेपेक्षा जास्त झाला तर ओळीने आलेल्या उंचवट्यांवर चाकाला परत खाली जायला वेळ मिळत नाही. गाडी प्रत्येक उंचवट्यासरशी आणखी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. कॉम्प्रेशन जास्त झाले तर चाक उंचवट्यावरून उडी मारते. दोन्हींत टायर हवेत असतो, आणि हवेतला टायर ना वळवतो ना थांबवतो. पावसाळ्यात दोन्ही खुंट्या मऊच ठेवाव्यात. ओल्या डांबरावर भार जितका सावकाश सरकेल तितकी चालकाला पकड सुटण्याची सूचना आधी मिळते.

भारतात काय वेगळे?

एमएक्स-5 भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. पण बुद्ध सर्किट, चेन्नईचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि कोइमतूरचे करी मोटर स्पीडवे यांमुळे हौशी ट्रॅक चालक इथेही आहेत. मुंबई-पुण्याकडच्या मालकाला ट्रॅकपेक्षा तिथे पोहोचणेच जास्त छळते. नियमांनुसार बांधलेला गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि पसरट असतो, गल्लीतला मात्र अनेकदा उंच आणि टोकदार. इथे गाडी 15 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आणणे सहसा शहाणपणाचे नाही, आणि वेगवान धक्क्यात मोकळी होणारी झडप ही इथे चैन नसून गरज आहे. पावसाळ्यातला चिखल कॉइलओव्हरच्या आट्यांत बसून कडी जाम होते. पाऊस सुरू होण्याआधी आटे स्वच्छ करून ग्रीस लावावे, शक्य तर त्यावर कापडी आवरण चढवावे.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. शिवाय सस्पेन्शन बदलल्यावर वॉरंटी आणि विमा यांबाबत लेखी विचारून घेणे इष्ट. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर तिथली टीयूव्हीची तपासणी चुकत नाही. संचासोबत प्रमाणपत्र आले आहे का, हे खरेदीआधीच पाहावे लागते.

राहिली दुरुस्ती. मोनोट्यूबची सील गळू लागली किंवा वायूचा दाब गेला की शॉक उघडून नवे तेल, नवी सील आणि नायट्रोजन भरावा लागतो. भारतात हे नीट करणारी ठिकाणे मोजकीच आहेत, आणि शॉक परदेशी कारखान्यात पाठवायचा तर गाडी दोन-दोन महिने जॅकवर उभी राहू शकते. म्हणून मूळ शॉक भंगारात न देता तेल पुसून, गुंडाळून, माळ्यावर ठेवून द्यावेत.